बैल वाढायचा थांबला

संपादकांनी पत्रात दोन अटी घातल्यात. अनुभव खरे पाहिजेत आणि त्यात तिखटमीठ नको. पहिली अट पाळतो. दुसरीचं काय करायचं ते त्यांनी माझ्या बायकोला, मंगलला, विचारावं. चौतीस वर्षं ती त्याच कामावर आहे आणि तिला अजून यश आलेलं नाही. आत्ता ती समोर गवार मोडत बसलीय. हे पान झालं की आधी तिच्या हातात जाईल, मग पोस्टात. शुद्धलेखनासाठी नाही. माझ्या डोक्यात काय शिल्लक आहे आणि काय गळून गेलंय, हे आता माझ्या एकट्याच्या शब्दावर कुणी खरं धरत नाही. मीही धरत नाही. भीती आहे ती ही. पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो, कारण शेवटाला सांगू म्हणून राखून ठेवली तर मधेच विसरायचो.

माझा धंदा लोकांची आठवण मोजायचा. लातूरच्या एका दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टर मॅडम होत्या, त्यांनी एक अभ्यास काढला होता. कुणाच्या अंगावरून वारं गेलेलं, कुणाच्या डोक्याला मार लागलेला, कुणाला काहीच झालेलं नाही, अशी साठीच्या पुढची माणसं धरायची, आणि दरसाल त्यांच्याकडं जाऊन पाहायचं की आठवण किती टिकली, कशानं गळली आणि वेळेत काय केलं असतं तर वाचली असती. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या गावांत हे कागद भरत मी बावीस वर्षं फिरलो. चाळीस हजार डोकी तपासली. आमची जीप चालवणारे जब्बारभाई म्हणतात, दोन हजार. दोघांच्या मधलं काहीतरी धरा, पण माझ्याकडं जरा झुकतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आठवण मोजायला मोठं यंत्र लागत असेल. यंत्र आहे, पण ते मेंदूचा फोटो काढतं. आठवण मोजायला लागतो एक कागद, एक पेन्सिल आणि न हसणारा माणूस. पाच शब्द सांगायचे: विळा, चंदन, पाटी, मोर, केशरी. मग पावणेपाचचं घड्याळ काढायला लावायचं. हदगावकडच्या एका म्हाताऱ्यानं घड्याळाऐवजी लिंबाचं झाड काढलं आणि त्याची लांब सावली काढून म्हणाला, "हे घ्या तुमचं पावणेपाच." मी पूर्ण गुण दिले. मॅडमनी काटले. त्यानंतर एक छोटी गोष्ट वाचून दाखवायची, कागदावर आहे तश्शी, एक शब्द इकडं नाही की तिकडं नाही. थोड्या वेळानं पाच शब्द विचारायचे, गोष्ट विचारायची, आणि मुकाट्यानं लिहून घ्यायचं.

सगळ्यात अवघड काम ह्याच्या आधीचं. घरच्यांना बाहेर काढायचं. आपल्या माणसाची परीक्षा चाललीय म्हटल्यावर घर गप्प बसत नाही. सून चुलीपाशी बसून कुजबुजते, "मंगळवार... मामंजी, मंगळवार." म्हातारी भांडी आपटून खुणावते. कळंबरजवळच्या एका घरात तर भिंतीला भोक पाडून नातू पाच शब्द सांगत होता. (मंगलनं इथं पेन्सिलीनं रेघ ओढलीय. बरं, भोक आधीपासूनचं होतं.) तर त्यासाठी माझं एक ठरलेलं वाक्य होतं. हात जोडायचे आणि हळू म्हणायचं, "वहिनी, जरा ओसरीवर बसा. चहा आपण नंतर घेऊ." वहिनी उठायच्या. दार लागायचं. आणि समोरचं माणूस माझ्याकडं पाहायचं. ते पाहणं मी कधी कागदावर लिहिलं नाही. तिथं रकाना होता, "सहकार्य केले: होय / नाही." मी होयवर गोल करायचो.

आणखी एक नियम होता. भरलेला कागद समोरच्याला दाखवायचा नाही. मागितला तरी नाही. तसं बहुतेकांनी कधी मागितलाच नाही. मला वाटायचं, लोकांना कुतूहल नाही.

आता धर्माबादचे नरसिंगराव. मिरचीच्या बाजारात लिलाव पुकारणारा गडी, आवाज असा की धर्माबादेत बोली लावली तर तेलंगणात लोक शिंकायचे. मोटारसायकलवरून पडले. हेल्मेट होतं, पण ते हँडलला लटकवलेलं, म्हणजे वाचलं ते हँडल. डोक्याला मार लागला. दोन महिन्यांनी जखम भरली, माणूस हिंडूफिरू लागला, घरचे म्हणाले बरं झालं. मी कागद घेऊन गेलो.

"नरसिंगराव, आज वार कोणता?"

"तुमी आलाव मनल्यावर शनिवारच असंल की."

दारात जमलेले सगळे हसले. मीही हसलो. पेन्सिल टेकवलीसुद्धा, आणि मग आठवलं की आज मंगळवार आहे. पुढचा प्रश्न विचारला, साल कोणतं?

"काहून, तुमच्या हापिसात क्यालेंडर न्हाई का?"

असं सगळं. एकाही प्रश्नाचं उत्तर नाही, आणि प्रत्येक प्रश्नाला टाळी. मी कागद आवरून जीपपाशी आलो तर त्यांची बायको मागून आली. पदर तोंडावर धरून म्हणाली, "साहेब, हे आधी हसवत नव्हते. चाळीस वर्सं नांदले, घरात चार शब्द बोलले असतील. आता दिसभर हसवून राहिलेत. समद्यांना ग्वाड वाटतंय. मला लई भ्या वाटतंय."

त्या दिवशी मला माझा धंदा कळला. माणूस किती हुशार आहे हे मोजायचं नसतं. तो आधी कसा होता आणि आता कसा आहे, ह्यातलं अंतर मोजायचं असतं, आणि ते कागदाच्या आधी घरच्या बाईला दिसतं. विनोद हा फार चांगला दरवाजा आहे. मागं घर रिकामं झालं तरी बाहेरून कळत नाही.

एवढं शहाणपण शिकलो आणि पुढच्याच साली देवणीत विसरलो.

गोष्ट वाचायचा जो भाग होता ना, ती गोष्ट म्हणजे पाणी घातलेलं ताक. सखुबाई हदगावच्या बाजाराला गेली. तिनं कंदील, गूळ आणि लाल बांगड्या घेतल्या. येताना पिशवी एसटीत राहिली. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं ती घरी आणून दिली. संपलं. नऊ वर्षं मी ती वाचत होतो. वाचता वाचता माझाच डोळा लागायचा. देवणी तालुक्यातलं ते गाव, समोर बसलेले सगळे बैल पारखणारे. त्यांच्या मुलुखाच्या नावानं बैलाची जात आहे, आणि मी त्यांना सांगतोय बांगड्यांची गोष्ट. कोण ऐकणार? म्हणून मी थोडं सैल सोडलं. कंडक्टरला काढलं आणि बैल घातला. काळा-पांढरा, देवणी वाणाचा बैल, पिशवी तोंडात धरून सखुबाईच्या दारात उभा. काय कान टवकारले लोकांनी. अख्ख्या गावाला गोष्ट आठवली. मी सगळ्यांना भरभरून गुण दिले आणि लातूरला आलो.

आठ दिवसांनी मॅडमनी बोलावलं. टेबलावर कागदांचा गठ्ठा.

"गणपतराव, अभ्यासात बैल कुठून आला?"

मी म्हणालो, मॅडम, तिकडं बैल कुठूनही येतात. त्या हसल्या नाहीत. त्यांनी गावाचे सगळे कागद लाल पेनानं कापले, आणि ऑफिसनं मला लेखी कळवलं की यापुढं पदरचं काही घालायचं नाही. पुन्हा जाऊन नवी गोष्ट वाचा, म्हणाल्या. मला लाज वाटत होती, म्हणून मी उद्या-परवा करत तीन आठवडे काढले.

त्या गठ्ठ्यात एक कागद भागीरथीबाईंचा होता. पासष्टीची बाई. बैलाचं वर्णन तिनं माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं, वशिंडापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत. मी विचारलं, "पिशवीत काय होतं मावशी?" तर म्हणाली, "ते बैलालाच ठाव." मी खदाखदा हसलो आणि पूर्ण गुण दिले. बाजार नाही, कंदील नाही, गूळ नाही, एसटी नाही. काहीच तिच्यापाशी राहिलं नव्हतं. बैल राहिला होता, कारण चाळीस वर्षं तिच्या गोठ्यात एक ना एक बैल होताच. मेंदूत बारीक बारीक झटके येऊन गेल्याची ती खूण होती. कागद खरा भरला असता तर मॅडमनी तिला त्याच आठवड्यात लातूरला बोलावलं असतं, रक्तदाब पाहिला असता, गोळ्या सुरू केल्या असत्या.

मी तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा ती खाटेवर होती. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. दोन दिवस घरात तेल चोळत बसले होते, मग दवाखाना. सून म्हणाली, भांडणाच्या आवाजात नाही, साधंच म्हणाली, "तुमीच तर मनलाव, आत्याबाईचं डोकं घड्याळावानी हाय." भागीरथीबाई माझ्याकडं पाहत होती. तिनं मला ओळखलं होतं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. कळू नये अशी इच्छा आहे.

ह्यातून माणसानं तोंड बंद करायला पाहिजे होतं. मी उलटं केलं. कामात पुन्हा कधी एक शब्द पदरचा घातला नाही, पण कामाबाहेर, चहाच्या टपरीवर, लग्नात, "अभ्यासात मी बैल घातला तेव्हा" हा किस्सा सांगू लागलो. भागीरथीबाईला वगळून. आणि दर सांगण्याला बैल वाढू लागला. पिशवी तोंडातून शिंगावर गेली. मग बैल एसटीच्या मागं धावला, चाकूर ते अहमदपूर. मग एसटीत चढला. मग कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं, कारण पुढचे दोनच पाय आत आले होते. तेरा वर्षं बैल एका जागी थांबला नाही. लोक पोट धरून हसायचे. जब्बारभाई कधी हसायचे नाहीत. ते देवणीला जीप घेऊन माझ्यासोबत होते.

मी निवृत्त झालो. आणि ह्या वर्षी माघात एका सकाळी आरशासमोर दाढी करत होतो तर डाव्या हातातला मग बेसिनमध्ये पडला. हात माझाच होता, पण माझं ऐकत नव्हता. आरशात पाहिलं तर तोंडाची डावी कड खाली आलेली. मंगलला हाक मारली. तोंडातून आवाज आला तो हाकेचा नव्हता. ती मागं धुणं वाळत घालत होती, तिला ऐकू आलं नाही. चहाला एक उकळी येईल एवढा वेळ गेला. मग हात परत आला, तोंड परत आलं. "मंगल" म्हणून पाहिलं, मंगल बरोबर आलं.

हे काय आहे ते माझ्याइतकं दोन जिल्ह्यांत कुणाला माहीत नव्हतं. गावोगावच्या पारांवर उभा राहून मीच ओरडलो होतो: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं बोबडं आलं, यातलं एक जरी झालं तरी ट्रॅक्टर, टमटम, मिळेल त्यात माणूस घाला आणि दवाखाना गाठा. तेल चोळत बसू नका. आपोआप बरं वाटलं तर थांबू नका, उलट जास्त घाई करा, तो मोठ्या झटक्याचा सांगावा असतो. हे सगळं पाठ असलेल्या माणसानं काय केलं? साबण पुसला आणि चहा प्यायला.

का, ते सांगतो. दवाखान्यात गेलं की पुढं ती खुर्ची येणार होती. मी जन्मभर टेबलाच्या ह्या बाजूला बसलो होतो.

न्हाणीचं दार लावून मी माझीच परीक्षा घेतली. विळा, चंदन, पाटी, मोर, केशरी. धुतलेल्या फरशीवर बोटानं पावणेपाचचं घड्याळ काढलं. सगळं बरोबर. दुसऱ्या दिवशीही बरोबर. आठव्या दिवशी डोक्यात उजेड पडला की ते बरोबर येणारच. बावीस वर्षं म्हणतोय मी ते. उद्या मला सरणावर ठेवलं तरी राख होईस्तोवर ओठ म्हणत राहतील, विळा, चंदन. ज्या एका मापानं मी जगाला मोजलं ते माप फक्त माझ्यावर चालत नव्हतं. एवढी भीती मला बेसिनपाशीही वाटली नव्हती.

मग उन्हाळ्यात गंजगोलाईला गेलो. लातूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो: गोल बाजारपेठ आहे, तिथून चहूबाजूंना सोळा रस्ते फुटतात. मी जन्मापासून लातुरात. मिरच्या घेतल्या, वळलो, आणि घराचा रस्ता कुठला ते गेलं. पुसट झालं असं नाही. गेलंच. सोळाच्या सोळा सारखे. मी एक पूर्ण गोल फिरलो. पानवाल्यानं विचारलं, "काका, कुठं जायचंय?" मी म्हणालो, "एवढे रस्ते केलेत, निवडून राहिलो." तो हसला. मीही हसलो. त्याच वेळी ओळखीचं एक रसवंतीगृह दिसलं म्हणून घरी पोचलो. मंगलला म्हणालो, बाजारात गर्दी होती.

जब्बारभाई असे फसणारे नव्हते. ते अधूनमधून येतात, पाय वर घेऊन सोफ्यावर बसतात. आषाढात एकदा आले, शेजारचे दोघं बसले होते, मी बैलाचा किस्सा सांगितला. शेजारी हसून गेले. जब्बारभाई बसून राहिले.

"गणपतराव, होळीला बैलानं अर्धं तिकीट काढलं."

"हो."

"माझ्या नातीच्या शादीत बी अर्धंच."

"मग?"

"आज बी अर्धंच. शब्दाला शब्द. पुढचे दोन पाय, मग कंडक्टरचं चिमटं, मग तुमचं ते खोकणं. खोकणं बी त्याच जागी." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तेरा साल ऐकतोय मी. तुमचा बैल दोनदा एका जागी थांबला न्हाई. आता तीनदा थांबला. मियाँ, बैल वाढंना."

मी म्हणालो, "बैलाचं वय झालं."

"नरसिंगराव बी असंच बोलायचा," जब्बारभाई म्हणाले, आणि मंगलला हाक मारली. "वहिनी, ह्यांची चप्पल काढा. मॅडमचा दवाखाना लातुरातल्या लातुरात, पण आजच नेतो."

मॅडम आता थकल्या आहेत, तरी बसतात. मी खुर्चीत बसलो. त्यांनी विचारलं, "आज वार कोणता, गणपतराव?"

मी म्हणालो, "तुम्ही बोलावलंत म्हणजे शनिवारच असणार."

वाक्य तोंडातून गेल्यावर मला ते कुणाचं आहे ते आठवलं. बुधवार होता. मॅडम हसल्या नाहीत, जब्बारभाई आपल्या बुटांकडं पाहत होते.

फोटो काढला. मेंदूत जुने डाग निघाले, तीन-चार, आणि एक त्यामानानं ताजा. माघातला तो ताजा. जुने कधी पडले ते मला कळलंसुद्धा नव्हतं. रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज चालणं, मीठ कमी. वेळेत आला असतात तर, असं मॅडम म्हणाल्या नाहीत. ते वाक्य मी त्यांच्या वतीनं इतक्या घरांत म्हटलं होतं की ते खोलीत होतंच.

"तुम्हाला पाच शब्द विचारण्यात अर्थ नाही," त्या म्हणाल्या. "माणसाला त्याच्या आधीच्याशी ताडायचं, हे तुम्हीच मला धर्माबादहून येऊन सांगितलं होतं. तुमचं माप जब्बारभाईंनी आणलंय. दर आठवड्याला तोच किस्सा त्यांना सांगा. बैल कुठवर आला ते त्यांनी लिहून ठेवायचं. हे कुठल्या अभ्यासात बसणार नाही. मला हवंय."

म्हणजे बघा. ज्या ऑफिसनं मला थापा मारू नको म्हणून लेखी कळवलं, त्याच ऑफिसच्या मॅडमनी गोळ्यांच्या चिठ्ठीखाली थापा लिहून दिल्या.

तेव्हापासून शुक्रवारी नमाज आटोपून जब्बारभाई येतात. जीपच्या एका जुन्या लॉगबुकात मागची कोरी पानं होती, त्यात लिहितात. पहिल्या शुक्रवारी बैलाला खिडकीची जागा मिळाली. दुसऱ्या शुक्रवारी त्यानं एका म्हातारीला ती उठून दिली. मला वाटलं, जिंकलो. तिसऱ्या शुक्रवारी सकाळी मात्र बैल आधी कुठं होता तेच मला आठवेना. मग मी तेच केलं जे सगळे करतात. गुरुवारी, डोकं ताजं असताना, मंगलच्या देखत तळहातावर बॉलपेननं लिहून ठेवायला लागलो. म्हातारी. घंटी. ड्रायव्हर. चार शुक्रवार बैल झकास वाढला.

गेल्या शुक्रवारी जेवण झालं, विसरून साबणानं हात घासून धुतले. जब्बारभाई आले. मी सुरुवात केली. सखुबाई बाजाराला गेली, कंदील, गूळ, लाल बांगड्या, पिशवी राहिली, बैल धावला, बैल चढला. तळहात पाहिला. निळसर ओल होती फक्त. मी खोकलो. पुन्हा खोकलो.

स्वयंपाकघरातून मंगलचा आवाज आला, हलका, चुलीपाशी बसलेल्या सगळ्या सुनांचा असतो तसा. "ड्रायव्हर उतरला... बैल स्टेरिंगवर..."

जब्बारभाईंनी पेन खाली ठेवलं. हात जोडले. बावीस वर्षं त्यांनी ते वाक्य दाराबाहेर जीपला टेकून ऐकलं होतं. त्याच हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, जरा ओसरीवर बसा. चहा आपण नंतर घेऊ."

आमच्या घराला ओसरी नाही. तरी ती उठली. हातात चहाची गाळणी तशीच होती. बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली, आणि जब्बारभाईंनी दार लोटलं.

मी त्यांच्याकडं पाहिलं.

मग मला येत होतं तेवढं सांगितलं. त्यांनी लिहिलं, वही मिटली, मांडीवर ठेवली. दार उघडून वहिनींना आत बोलावलं. आम्ही तिघांनी चहा घेतला, आणि जब्बारभाई वही काखेत मारून निघून गेले.

वही मागितली असती तर त्यांनी दाखवली असती, ते माझ्यासारखे नियमाचे पक्के नाहीत. मी मागितली नाही.